जळाला उजवा, दुखणं डाव्याला

रात्री उशिरा कामावरून परत येताना एका सिग्नलला थांबले होते. पुढे बंद बॉडीचा ट्रक उभा होता. त्याच्या मागच्या पत्र्यावर माझ्या गाडीचे दोन उजेड पडायला हवे होते. पडला होता एकच, डावीकडचा, आणि तोही पिवळट. उजवीकडे पार्किंग लाइटचा बारीकसा ठिपका होता, बाकी काळोख.

घराआधीचे शेवटचे काही किलोमीटर रस्त्यावर एकही दिवा नाही. तो पट्टा त्या रात्री मी अगदी हळू पार केला, कारण डोक्यात एकच विचार घोळत होता. जिथे रस्त्याच्या डाव्या बाजूनं गाड्या चालतात, तिथे समोरून येणाऱ्याला आपला उजवा दिवा सगळ्यांत जवळ असतो. तोच बंद असेल तर त्याला दिसतो फक्त लांबचा, कडेचा दिवा. त्याला वाटतं, कडेनं मोटरसायकल येतेय, मधे भरपूर जागा आहे. आणि त्या 'जागेत' माझी अर्धी गाडी असते. दुसऱ्या दिवशी सुटी होती. बल्ब स्वतः बदलायचा असं मी रात्रीच ठरवून टाकलं.

सकाळी आधी दिवे नीट तपासले. नवऱ्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि मी समोर उभी राहिले. लो बीमला, म्हणजे जवळच्या रस्त्यावर खाली पडणाऱ्या उजेडाला, उजवा बंद. "आता हाय बीम लाव रे," म्हटलं, तर उजवा लख्ख पेटला. म्हणजे बल्ब अर्धा जिवंत होता. माझ्या गाडीत एच-४ प्रकारचा बल्ब आहे. त्यात एकाच काचेत दोन फिलामेंट, म्हणजे तापून उजेड देणाऱ्या बारीक तारा, असतात: लो बीमचं ५५ वॉटचं आणि हाय बीमचं ६० वॉटचं. एक तुटलं तरी दुसरं चालू राहतं. पण फक्त लो बीम जाण्याचं आणखी एक कारण असू शकतं, ते म्हणजे फ्यूज. बऱ्याच गाड्यांत डाव्या आणि उजव्या दिव्याचे फ्यूज मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात, एक उडाला तर दोन्हीकडे एकदम अंधार होऊ नये म्हणून. फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर आतून नकाशा छापलेला होता. मी डाव्याचा आणि उजव्याचा फ्यूज आपसात बदलून पाहिला. दुखणं उजवीकडेच राहिलं. म्हणजे फ्यूज ठीक, बल्बच गेलाय. (दोन्हीकडचं लो बीम एकदम गेलं असतं, तर मी बल्बच्या मागे लागण्याआधी रिले (दिव्यांचा करंट चालू-बंद करणारा विजेवर चालणारा स्विच) आणि स्टिअरिंगजवळचा स्विच बघितला असता. दोन बल्ब एकाच क्षणी जाणं तसं विरळा.)

गाडीच्या पुस्तिकेत बल्बचा प्रकार लिहिलेला असतो आणि जुन्या बल्बच्या धातूच्या भागावरही तो कोरलेला असतो. दोन्ही जुळवून घेतलं. तरीही बल्ब निवडताना माझा बराच वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता, असं मला अजून वाटतं.

कारण नेहमीच्या बल्बच्या शेजारी तीन मोह मांडून ठेवलेले होते. पहिला, जास्त वॉटचा बल्ब: १०० आणि ९० वॉटचा. तो बसतो, पेटतो, उजेडही जास्त देतो. पण वायर, फ्यूज आणि होल्डर मुळात ५५-६० वॉटच्या हिशेबानं दिलेले असतात. जवळजवळ दीडपट-पावणेदोनपट करंट रोज त्यातून गेला की आधी कनेक्टर वितळतो, मग रिफ्लेक्टरची, म्हणजे बल्बमागच्या आरशासारख्या वाटीची, चमक करपते. दुसरा, निळसर काचेचा बल्ब. तो डोळ्याला पांढरा आणि आधुनिक वाटतो, पण निळी काच म्हणजे गाळणी. फिलामेंटमधून निघालेल्या उजेडातला काही भाग ती अडवते, वाढवत काहीच नाही. तिसरा मोह सगळ्यांत मोठा: हॅलोजनच्या जागी थेट बसणारा एलईडी.

एलईडीवर माझा राग नाही. ज्या गाडीचा दिवाच मुळात एलईडीसाठी बनवलेला असतो, तिथे तो उत्तमच असतो. पण माझ्या हेडलाइटचा रिफ्लेक्टर एका ठरावीक जागी, ठरावीक लांबीचं फिलामेंट आहे असं धरून घडवलेला आहे. एच-४ बल्ब हातात घेऊन उजेडाकडे धरला की त्यातली कारागिरी दिसते. लो बीमच्या फिलामेंटखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्यावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्याकडे वळतो. समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ शकणारा उजेड असा जन्मतःच रोखलेला असतो. बल्बच्या टोकाला काळा रंग असतो, तो सरळ पुढे जाणारा उजेड थांबवतो. आणि त्या वाटीची एक कड १५ अंशांनी तिरकी असते. तिच्यामुळे उजेडाची वरची रेघ रस्त्याच्या कडेकडे थोडी चढत जाते, म्हणजे कडेनं चालणारी माणसं, पाट्या, वळणं लवकर दिसावीत आणि समोरच्या गाडीला मात्र त्रास होऊ नये. हा आकार १९७१ सालापासून वापरात आहे. त्या वाटीच्या जागी कुणी एलईडीची पट्टी आणून ठेवली, की रिफ्लेक्टरला उजेड भलत्याच जागेवरून मिळतो. बसणाऱ्याला वाटतं, काय मस्त उजेड पडलाय! समोरून येणारा मात्र काही क्षण आंधळा होतो. कितीतरी देशांत अशी अदलाबदल कायद्यानंही चालत नाही. मी साधा, ६०/५५ वॉटचा, चांगल्या बनावटीचा हॅलोजन घेतला. दोन घेतले.

दोन का, असं नवऱ्यानं विचारलं. डावा तर चालू आहे! मी म्हटलं, दोन्ही एकाच दिवशी बसवलेले, एकाच वयाचे. दुसराही आता जाईलच. शिवाय जुना बल्ब काळवंडत गेलेला असतो, एक डोळा लख्ख आणि एक मिणमिणता बरा दिसत नाही. माझ्याकडे तेव्हा एवढीच कारणं होती. खरं कारण पुढे सापडलं.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन बंद, दिवे बंद, किल्ली काढून खिशात. दिवे तपासताना पेटवले होते, म्हणून अर्धा तास तसंच थांबले. पेटलेल्या हॅलोजनची काच काही शे अंश तापते; बोट लागलं तर भाजतंच. बॉनेट उघडल्यावर उजव्या हेडलाइटच्या मागे हात सहज गेला. तीन पायांवर घट्ट बसलेला कनेक्टर होता. वायर धरून ओढायचा नाही. त्याचा प्लॅस्टिकचा भाग धरून किंचित डावी-उजवीकडे हलवत मागे घ्यायचा. मग रबरी टोपण. मधल्या भोकाभोवतीची पाकळी धरून ते सोललं. आत तारेची क्लिप. ही क्लिप ज्यांनी कधी पाहिली नाही, त्यांची गाडी इथेच अडते, कारण ती नुसती ओढून सुटत नाही. तिचं टोक आधी आत दाबायचं, मग बाजूला सरकवायचं, तेव्हा ती खाचेतून सुटते आणि बिजागरीसारखी मागे पडते. मी सोडवण्याआधी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवला होता. तो फोटो पुढे फार उपयोगी पडला.

जुना बल्ब बाहेर आला. लो बीमचं फिलामेंट मधोमध तुटलेलं, दोन टोकं नुसत्या डोळ्यांना दिसत होती. काचेवर आतून राखाडी छटा होती.

नवा बल्ब काढताना मी रबरी हातमोजे घातले होते. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नये हे पुष्कळांना माहीत असतं, पण का, ते समजून घेतलं की हात आपोआप जपून चालतो. ही काच साधी नसते, क्वार्ट्झची असते. आत टंगस्टनच्या फिलामेंटभोवती आयोडीन किंवा ब्रोमीनसारख्या हॅलोजनचा अंश असलेला वायू दाबानं भरलेला असतो. फिलामेंटवरून उडालेलं टंगस्टन काचेवर बसण्याऐवजी हॅलोजनशी संयोग पावतं आणि फिरून तापलेल्या फिलामेंटपाशी येऊन मोकळं होतं. हे चक्र चालायला काच खूप गरम राहावी लागते, म्हणूनच बल्ब एवढा लहान आणि काच फिलामेंटच्या इतकी जवळ. अशा तापलेल्या काचेवर बोटाचं तेल असेल तर तिथे डाग भाजून बसतो, तेवढाच भाग जास्त तापतो, काच कमजोर होते आणि बल्ब वेळेआधी जातो, कधी तडकतोसुद्धा. बोट लागलंच तर घाबरायचं कारण नाही. स्वच्छ कापडावर थोडं स्पिरिट घेऊन काच पुसायची, पूर्ण वाळू द्यायची, मग बसवायचा. वाळण्याआधी पेटवायचा मात्र नाही.

बल्बच्या चकतीला तीन कान असतात, त्यातला एक रुंद. होल्डरमध्ये तशाच तीन खाचा. माझ्या गाडीत रुंद कान वरच्या बाजूला येतो. उजवीकडे सगळं डोळ्यांसमोर असल्यामुळे तो सहज बसला, क्लिप अडकली, रबर चढवलं, कनेक्टर दाबला. पेटवून पाहिलं, दोन्ही फिलामेंट चालू. दहा मिनिटांत काम झालं.

डावीकडे बॅटरी आहे. हेडलाइट आणि बॅटरी यांच्यात माझा हात मनगटापर्यंतच जात होता. नवरा पलीकडून टॉर्च धरून उभा होता, तरी हात आत गेला की प्रकाश अडायचा. बॅटरी काढली असती तर जागा झाली असती. तो शहाणपणा मी त्या दिवशी केला नाही, आणि त्याची किंमत पुढे मोजली. चाचपडत कनेक्टर पकडला. तो हलेना. बराच वेळ हलवल्यावर निघाला, तो एका पायाभोवती तपकिरी झालेला होता. प्लॅस्टिक तिथे फुगून थोडं वितळलेलं होतं. नाकाशी नेला तर जुन्या जळक्या प्लॅस्टिकचा वास.

मी तिथेच थांबले. बल्ब तर चालू होता. तक्रार उजव्याची होती. आणि हा कनेक्टर किती महिने आतल्या आत भाजत होता, कोण जाणे! उजवा बल्ब गेला नसता आणि जोडीनं बदलायचं ठरवलं नसतं, तर या कोपऱ्यात माझा हातच गेला नसता.

त्या दिवशी तात्पुरतं म्हणून कनेक्टरच्या आतल्या पत्र्या बारीक पॉलिश पेपरनं घासल्या, नवा बल्ब न बघताच चाचपडत बसवला, क्लिप अडकल्याचा 'टक्' आवाज ऐकला आणि बॉनेट लावलं.

रात्री त्याच अंधाऱ्या पट्ट्यात समोरच्या दोन गाड्यांनी मला डिपर मारला. मी लगेच बघितलं, माझं लो बीमच होतं. तिसऱ्यानं मारला तेव्हा कळलं की चूक माझ्याकडे आहे. नवा बल्ब आहे, जास्त उजेड असेल, असं मनाला समजावता आलं असतं. पण ज्याला आपण बल्ब बदलून धोक्यातून काढणार होतो, त्याच्याच डोळ्यांत आपण उजेड फेकतोय, हे मला सहन होईना. गाडीचा वेग कमी करून, शक्य तितकं कडेनं चालवत घरी आले.

दुसऱ्या संध्याकाळी भिंत शोधली. सपाट जमीन आणि समोर कोरी भिंत, एवढंच लागतं. टायरमधली हवा बरोबर हवी, गाडीत सामान नको, ड्रायव्हरच्या जागी कुणीतरी बसलेलं हवं आणि डॅशबोर्डवर दिव्याची उंची बदलणारी चकती असेल तर ती शून्यावर. आधी गाडी भिंतीला अगदी चिकटवून उभी केली आणि दोन्ही दिव्यांच्या मध्याच्या उंचीवर भिंतीवर चिकटपट्टीच्या दोन खुणा केल्या. मग गाडी सरळ मागे घेतली, टेपनं मोजून १० मीटर. लो बीमच्या उजेडाची वरची रेघ त्या खुणांच्या साधारण १० सेंटिमीटर खाली पडायला हवी, म्हणजे एक टक्का उतार. कितीतरी गाड्यांत हा आकडा हेडलाइटवर किंवा त्याच्याजवळ छापलेला असतो. माझ्या गाडीत १ टक्काच होता.

उजव्याचा उजेड पुस्तकातल्या चित्रासारखा पडला होता. सपाट रेघ, आणि डावीकडे अलगद वर चढलेली. एका दिव्यावर जाड कापड टाकून दुसरा बघायचा, तर डाव्याला रेघच नव्हती. उजेडाचा एक ओबडधोबड गोळा होता आणि त्याचं एक टोक खुणेच्या बरंच वर गेलं होतं.

हेडलाइटच्या मागे उंची बदलायचा स्क्रू असतो. तो फिरवून गोळा खाली आणता आला असता आणि बरेच जण नेमकं तेच करतात. पण रेघच नसेल तर दोष स्क्रूचा नसतो, बल्ब तिरका बसलेला असतो. स्क्रू फिरवून आपण चूक झाकतो आणि रस्त्यावरचा उजेडही कमी करून बसतो. या वेळी मी बॅटरी काढली. आधी ऋण, मग धन. समोर स्वच्छ दिसलं: खालचा एक कान खाचेत गेलेलाच नव्हता, काठावर टेकला होता. क्लिप तशीच वरून दाबून बसली होती. 'टक्' आवाज खरा होता, पण तो क्लिपचा होता, बल्बचा नव्हता. फोटो काढून पाहिलेल्या उजव्या बाजूशी ताडून बल्ब परत बसवला. क्लिप लावण्याआधी चकती बोटानं दाबून धरली आणि हलवून पाहिली. तिन्ही कान बसले असतील तर ती जराही डुलत नाही. मग क्लिप, मग रबर. रबराची कड चहूबाजूंनी खोबणीत गेली का, हे बोट फिरवून बघितलं, कारण तिथे फट राहिली तर आत बाष्प शिरतं आणि रिफ्लेक्टर खराब होतो. बॅटरी जोडली, आधी धन, मग ऋण. भिंतीवर डावीकडेही रेघ उमटली. स्क्रूला हात लावावा लागला नाही.

रेघ आली, पण डावा उजेड अजूनही उजव्यापेक्षा पिवळट दिसत होता. दोन्ही बल्ब नवे, एकाच जोडीतले. आता फक्त कनेक्टर उरला होता.

मल्टिमीटर घरात होता. इंजिन चालू, लो बीम चालू, आणि मीटरची टोकं कनेक्टरच्या मागून आत सरकवून मोजलं. हे बल्ब जोडलेला आणि पेटलेला असतानाच मोजायचं असतं. बल्ब काढून मोजलं तर करंटच वाहत नाही आणि खराब जोडसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो. उजवीकडे १३.६ व्होल्ट आले. डावीकडे १२.४. मग एक टोक अर्थिंगच्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या, पायावर आणि दुसरं बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवलं. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं होतं, आले ०.९ व्होल्ट. तपकिरी झालेला पाय तोच.

१.२ व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात. पण फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात होतो. हिशेब केला तर डाव्या दिव्याचा चौथा हिस्सा उजेड वाटेतच जात होता. आणि जाणारी वीज कुठे जात होती? साडेचार अँपिअरच्या आसपास करंट आणि अर्थिंगच्या एका नखाएवढ्या जोडावर ०.९ व्होल्ट, म्हणजे जवळपास ४ वॉट उष्णता, रात्री गाडी चालू असेल तेवढा वेळ, बंद प्लॅस्टिकमध्ये. ते वितळलं यात नवल नव्हतं.

मग एक गोष्ट लक्षात आली. फिलामेंटचं आयुष्य व्होल्टेज थोडं घटलं तरी झपाट्यानं वाढतं. उजवा बल्ब पूर्ण व्होल्टेजवर पूर्ण उजेड देत राहिला आणि आपलं आयुष्य पुरं करून गेला. डावा टिकला, कारण त्याला पोटभर वीज मिळतच नव्हती. मी इतके दिवस टिकलेल्याला निरोगी समजत होते.

कनेक्टर बदलायचं काम मी स्वतः केलं नाही. वायर कापून नवा कनेक्टर जोडायचा तर जोड नीट दाबायचं क्रिंपिंगचं हत्यार हवं. नुसत्या पिळलेल्या वायरीवर चिकटपट्टी गुंडाळली तर तोच आजार दोन इंच मागे सरकतो. म्हणून गाडीचं वायरिंग करणाऱ्या एका इलेक्ट्रिशियनकडे गेले. त्यांना मीटरचे आकडे सांगितले. त्यांनी चिनी मातीचा कनेक्टर बसवला, जो उष्णतेला वितळत नाही, अर्थिंगची बॉडीवरची गंजलेली जागाही घासून स्वच्छ केली आणि तिथला बोल्ट पुन्हा आवळला. माझ्यासमोर पुन्हा मोजलं, १३.५.

डावा जुना बल्ब लो बीमवर अजून पेटतो. तो रबरी हातमोज्यांसकट एका डब्यात घालून गाडीत ठेवलाय. वाटेत एखादा गेलाच, तर घरी पोचायला पुरेल.

त्या रात्री अंधाऱ्या पट्ट्यात समोरून बऱ्याच गाड्या आल्या. कुणी डिपर मारला नाही. पुलाच्या अलीकडे डाव्या कडेनं दोघं चालत होते, पाठमोरे, गडद कपड्यांत. आधी त्यांच्या टाचा दिसल्या, मग पोटऱ्या, मग हातातली पिशवी. मला वेग कमी करून उजवीकडे थोडं सरकायला पुरेसा वेळ मिळाला, आणि त्यांना मागे वळून बघावंही लागलं नाही.